सगळ्या भाषांतलं ॲसिटोन

"बाटली उघडा."

"पाणी आहे काका त्यात."

"पाणीच आहे ना? मग उघडायला काय जातंय?"

गोदामाची संध्याकाळची सुटी झाली होती. डबे, छत्र्या, पिशव्या सांभाळत फाटकाकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. मधोमध नाकसाहेब उभे आणि त्यांच्यासमोर पंपवाली. पंपवाली म्हणजे पिंपांना हातपंप लावून आतला माल लहान कॅनमध्ये भरणारी बाई. चाळिशी ओलांडलेली, दंडाने दणकट, बोलायला मोजकी. तिने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

नाकसाहेबांनी बाटली नाकाशी नेली. एकदा हुंगली. मग डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून पुन्हा हुंगली. सगळं गोदाम त्या नाकाकडे बघत होतं.

"वास नाही," त्यांनी जाहीर केलं.

"पाण्याला कसला वास येणार?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"हसा, हसा! पाणीच आहे, हेच तर म्हणतोय मी. घरून पाणी भरून आणायचं, पिंपातलं ॲसिटोन काढायचं आणि तेवढंच पाणी वर ओतायचं. एकदा मिसळलं की कोणाच्या बापाला कळत नाही. पण मला कळतं!"

एवढ्याशा बाटलीने माणसाच्या कमरेइतकं पिंप कितीसं पातळ होणार, हा साधा हिशेब तिथे कोणीही केला असता. नाकसाहेबांनी तो केला नाही. संशय एकदा डोक्यात शिरला की हिशेब बाहेर ओसरीवर बसून राहतो.

पंपवालीचा चेहरा उतरला. "काका, इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत पंप मारतेय मी. मी चोर?"

"मी नाव घेतलं का कोणाचं? मी मालाच्या वासाबद्दल बोलतोय."

"नाव घ्यायचं ठेवलंय काय आता?" तिने त्यांच्या हातातून बाटली जवळजवळ हिसकावलीच. तोंडाला लावली आणि घटाघटा सगळी संपवली. पाणी हनुवटीवरून गळ्याशी ओघळलं, तेही तिने पुसलं नाही. रिकामी बाटली त्यांच्या नाकासमोर उलटी धरून ती म्हणाली, "घ्या. आता पोट फाडून बघायचं असेल तर तेही बघा, साहेब."

काकाचं साहेब झालं, ते सगळ्यांनी ऐकलं.

मग वरच्या ऑफिसातून मॅनेजर खाली आले. तरुण, नीटनेटके, भांडणाचा कंटाळा असलेले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. पिंपातल्या मालाचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू, म्हणाले, रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतील, तोवर बाईंनी घरी बसावं. पगाराचं काय, असं तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. घरात कमावणारी ती एकटीच, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि नाकसाहेबांना तर चांगलंच ठाऊक होतं.

आता नाकसाहेबांना नाकसाहेब का म्हणत, ते सांगायला हवं. नाक दिसायला साधंच होतं. पण गोदामात पूर्वी मालाची घनता मोजायची एक काचेची नळी असे. ती एकदा फरशीवर पडून फुटली. त्या वेळचे मॅनेजर म्हणाले, "नवीन नळी कशाला? आपल्याकडे नाक आहे की!" तेव्हापासून नळी आली नाही आणि नाव मात्र चिकटलं. नवं पिंप उघडलं की बुचाशी वाकायचं, एक थेंब हाताच्या पालथ्या बाजूला घ्यायचा, हुंगायचा, आणि मग पिंपाच्या डोक्यावर खडूने बरोबरची खूण करायची, अशी त्यांची पद्धत. त्यांची खूण नसलेल्या पिंपाला पंप लागत नसे. बोटी बांधणारे, फर्निचरला पॉलिश मारणारे, नखांचा रंग काढायच्या बाटल्या भरणारे, सगळी गिऱ्हाइकं त्या खुणेच्या भरवशावर माल नेत.

आणि माल यायचा कुठून कुठून! जहाजांनी, ट्रकांनी, नाना देशांतून. नाकसाहेब तरुणपणी इथे पिंपं ढकलायला लागले, तेव्हापासून त्यांना एक नाद लागला होता. नव्या देशाचं पिंप आलं की त्याचं लेबल हलक्या हाताने सोडवायचं आणि आपल्या केबिनच्या दाराला आतून चिकटवायचं. दाराचं लाकूड कधीच दिसेनासं झालं होतं. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्यांना ते शब्द म्हणायला शिकवले होते. जर्मन लेबलावर आत्सेतोन. फ्रेंचवर आसेतोन. इटालियनवर आचेतोने, म्हणजे काही खायला मागितल्यासारखं. स्पॅनिश म्हणताना जीभ दातांत धरायची, अथेतोना. फिनलंडकडचं आसेतोनी, एखाद्या पुतणीला लाडाने हाक मारल्यासारखं. ग्रीकची अक्षरंच वेगळी, तिथे आकेतोनी. नवा माणूस कामाला आला की नाकसाहेब त्याला दारासमोर उभं करत आणि सगळी लेबलं वाचून दाखवत. शेवटी ठरलेलं वाक्य असे, "प्रत्येक देश त्याला आपापल्या तोंडाने हाक मारतो. पण ते ओ देतं एकाच वासाने."

पंपवाली नवीन आली, तेव्हा तिलाही हे ऐकवलं होतं. ती हसली नव्हती. "आचेतोने, म्हणजे ते कुठलं म्हणालात काका?" असं तिने परत विचारलं होतं. परत विचारणारी तेवढी एकच निघाली.

गेल्या हिवाळ्यात नाकसाहेबांना जबर सर्दी झाली. अंथरुणाला खिळले, उठले, कामावर आले. आल्यावर पहिलंच पिंप उघडलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वास पातळ. दुसरं पिंप उघडलं, तेही तसंच. देश वेगळे, जहाजं वेगळी, लेबलं वेगळी, आणि सगळ्याच मालाचा दम गेलेला. आधी त्यांनी जहाजवाल्यांना शिव्या दिल्या. मग ट्रकवाल्यावर डोळा ठेवला. त्याला बिचाऱ्याला सील तपासायला तासभर उन्हात उभं केलं. सीलं शाबूत निघाली. सील शाबूत आणि माल पातळ, म्हणजे चोर आतलाच. आत पिंपाला हात लावणारं कोण? ते स्वतः आणि पंपवाली. स्वतःवर संशय घ्यायची तर त्यांना सवयच नव्हती.

थेंब हातावर थंड लागत होता, पहिल्यासारखाच, झटकन उडूनही जात होता. पण त्यावरही त्यांनी उत्तर शोधलं होतं. पाणीसुद्धा थंडच लागतं की!

बरं, हा संशय गोदामापुरता राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. घरीही तेच. "चहात पूड कमी घातलीस का?" असं त्यांनी बायकोला विचारून झालं होतं. साबण बदललास का, हा भाजीवाला हल्ली शिळी भाजी गळ्यात मारतो, तुझ्या भावाने आणलेलं ते अत्तर नुसतं रंगीत पाणी आहे. सगळं जग मिळून आपल्याला पाणी घातलेला माल देतंय, अशी त्यांची खात्री होत चालली होती. बायको म्हणायची, "अहो, पूड तेवढीच आहे." त्यावर ते तिच्याकडे असं बघत, की तिला क्षणभर आपणच पूड लपवून ठेवल्यासारखं वाटे.

फाटकावरच्या प्रकारानंतर नाकसाहेब घरी आले ते ताठ मानेने. पण जेवण गोड लागेना, म्हणजे तसं ते बरेच दिवस लागत नव्हतंच. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पंपावर वरच्या गोदामातला एक माणूस तात्पुरता लावला होता. तो अर्धा माल बाहेर सांडत होता आणि शीळ घालत होता. मॅनेजर म्हणाले, "या बाईंच्या जागी मी एकाला बोलावलंय. परवा येईल. रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे, पण गेटवर एवढा तमाशा झाल्यावर आता त्यांना परत घेणं मला जड जाईल."

"बरोबर आहे," नाकसाहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी बायकोने दूध तापत ठेवलं आणि चपला पायात सरकवत म्हणाली, "मी खाली धाकट्या जाऊबाईंकडे जाऊन येते. दुधाकडे लक्ष ठेवा."

"बघतो."

"बघतो नाही. उतू गेलं की गॅस बंद करा."

"अगं, कळतं मला! लहान आहे का मी?"

ती गेली. नाकसाहेब स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसले, पण खिडकीकडे तोंड करून आणि दुधाकडे पाठ करून. खाली रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. त्यांच्या डोक्यात पंपवाली फिरत होती. एकटी बाई एवढं धाडस करेल का? मागे कोणीतरी असणार. शीळ घालणारा तो? की ट्रकवाल्याशीच तिचं संधान? की मॅनेजरलाच यात वाटा मिळतोय, म्हणून एवढ्या घाईने नवा माणूस? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की. ते विचार करत राहिले. एकेका माणसाला मनात फाटकापाशी उभं करून त्याची पिशवी तपासत राहिले.

जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि दार ढकलून बायको आत आली ती तोंडाला पदर लावूनच.

"अहो! काय करताय काय?"

नाकसाहेबांनी वळून बघितलं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने धूर त्यांच्यापासून दूर, शेगडीच्या बाजूला दाटला होता. दूध कधीच उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या तळाशी काळं ठिक्कर झालं होतं. शेगडीवर त्याचे जळके ओघळ होते. बायकोने गॅस बंद केला, खिडकीचं दुसरं दार उघडलं, खोकत खोकत पातेलं मोरीत नेऊन टाकलं.

"खालच्या मजल्यापर्यंत वास आलाय! जाऊबाई म्हणाल्या, कोणाचं तरी घर पेटलंय. आणि तुम्ही इथे बसून!"

"कसला वास?" नाकसाहेब म्हणाले.

पातेल्यावर सोडलेला नळ बायकोने तसाच वाहू दिला. ती वळून त्यांच्याकडे बघत राहिली. रागावलेली बायको त्यांना माहीत होती, ही नजर माहीत नव्हती.

"अहो," ती हळू म्हणाली, "तुम्हाला खरंच येत नाहीये वास?"

"सर्दी आहे जराशी."

"सर्दी जाऊन किती महिने झाले. परवा माझी भाजी करपली, तुम्ही तशीच खाल्लीत. मला वाटलं, रागावलात म्हणून बोलत नाही."

नाकसाहेब उठले. आधी पातेल्यापाशी जाऊन वाकले. मग कांदा उचलून नखाने सोलला आणि नाकाला घासला. डोळ्यांतून पाणी आलं. वास आला नाही. बायको आतल्या खोलीत गेली आणि कपाटाच्या तळातून एक छोटी बाटली घेऊन आली. लेकीची बाटली. सासरी जाताना विसरून गेलेली, नखांचा रंग काढायची.

बाटलीच्या मागे मुंगीच्या अक्षरांत एकाच शब्दाची रांग होती. नाकसाहेबांनी चष्मा वर-खाली करून ती वाचली. आसेतोन. आत्सेतोन. अथेतोना. आचेतोने. सगळे ओळखीचे. त्यांनी झाकण उघडलं, बोटावर थेंब घेतला. थंडगार लागला आणि उडाला. नाक बाटलीच्या तोंडावर टेकवून त्यांनी छातीभर श्वास ओढला.

काही नाही. वारा ओढावा तसं.

"पाणी घातलंय यात," ते म्हणाले.

"कोणी? मी?"

"दुकानदाराने घातलं असेल. तुला येतोय वास?"

बायकोने बाटली नाकाशी नेली आणि मान झटकली. "अगं आई गं! डोक्यात गेला."

"खरं सांगतेस?"

हे विचारताना त्यांनी तिच्याकडे बघितलं, ते अगदी फाटकावर बघितलं होतं तसंच. तिला ते दिसलं. ती चिडली नाही. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "खोटं बोलून मला काय मिळणार आहे हो? हे जळकं पातेलं?"

मोरीत नळ वाहतच होता. नाकसाहेब खुर्चीत बसले आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं, की पंपवालीनेही 'मी चोर?' असं विचारलं होतं, आणि तेव्हा आपण ऐकलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली. नुसती वाटली नाही, कानापर्यंत चढली. मग भीतीही वाटली. दारावरची सगळी लेबलं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. हाका सगळ्या तिथेच होत्या, ओ मात्र कोणी देत नव्हतं. आता गोदामात आपण कोण? पिंपं ढकलायचं वय गेलेलं, आणि ज्याच्यावरून नाव पडलं ते नाकच हरवलेला एक म्हातारा.

"काय करणार?" बायकोने विचारलं.

"झोपतो," ते म्हणाले.

सकाळी गोदामाकडे चालताना त्यांनी एक सोपी वाट शोधून काढली होती. गप्प बसायचं. रिपोर्ट येईल, माल शुद्ध आहे म्हणून. आपण म्हणायचं, चला, बरं झालं, शंका फिटली, खबरदारी घेतलेली बरी असते. नाकाचं कोणाला कळणार नाही. खुणा काय, डोळे मिटून करता येतात. माल तर चांगलाच येतो. निवृत्त होईपर्यंत असं सहज निभावलं असतं.

पण नवा माणूस उद्या येणार होता. रिपोर्ट येईपर्यंत तो पंपावर रुळला असता, आणि पंपवाली घरी बसली असती. कोणाच्या दारात काम मागायला गेली असती, तर लोकांनी विचारलं असतं, आधीचं का सुटलं? नाकसाहेब फाटकातून आत शिरले, केबिनकडे न वळता सरळ जिना चढून मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहिले.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय."

मॅनेजरना आधी कळलंच नाही. मग दूध, पातेलं, लेकीची बाटली, सगळं सांगून झालं. मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे गेले कित्येक महिने तुम्ही खुणा करताय त्या..."

"अंदाजाने."

"नाकसाहेब! आग लागणारा माल आहे हा. इथे गळती झाली असती आणि तुम्हालाच वास आला नसता तर?"

हे तर त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मॅनेजरनी खिडकी सताड उघडली. मग म्हणाले, घनतेची नळी आजच मागवतो, ती येईपर्यंत पिंपं उघडताना तुमच्याबरोबर धड नाकाचं कोणीतरी हवं. पुढे तुमचं काय करायचं ते नंतर बघू. हे 'नंतर बघू' नाकसाहेबांना नीट समजलं.

"आणि बाई?"

"नव्या माणसाला मी नको म्हणून कळवतो. पण त्यांना बोलवायला मी जाणार नाही," मॅनेजर म्हणाले. "ते तुम्ही बघा."

पंपवालीचं घर गोदामामागच्या चढावर होतं. एक खोली, आत कॉटवर तिची म्हातारी आई, दाराशी वाळत घातलेले कामाचे हातमोजे. ती दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"तपासायला आलात?"

"नाही. सांगायला आलो." त्यांनी घसा खाकरला. "माझं नाक गेलंय. हिवाळ्यापासून. मला कसलाच वास येत नाही. माल चांगला होता."

तिने ऐकून घेतलं. तिच्या ओठांचे कोपरे हलले, हसू की काय ते कळलं नाही. "म्हणजे नाक तुमचं गेलं आणि चोर मी झाले."

"हो."

"मॅनेजरना सांगितलंत?"

"आत्ताच सांगून आलोय. उद्यापासून या कामावर."

"मी पाणी फाटकावर प्यायले," ती म्हणाली. "मॅनेजरच्या केबिनमध्ये नाही."

आतून म्हातारीने विचारलं, "कोण आहे गं?"

"गोदामातले साहेब आहेत," ती म्हणाली आणि दार हळूच लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं फाटकातून आत येत होती, तेव्हा नाकसाहेब मधोमध उभे होते, त्या संध्याकाळी होते तिथेच. पंपवाली रस्त्याच्या पलीकडे, पिशवी खांद्याला लावून, आत न येता थांबली होती. ते बोलायला लागले तसा त्यांचा आवाज चिरकला. पहिलं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने बोला!" शीळवाला ओरडला.

"मी म्हणतोय, माझ्या नाकाला वास येत नाही!" नाकसाहेब ओरडले. "माल चोख होता. बाईंनी काही केलेलं नाही. मी खोटा आळ घेतला. त्यांना पिशवीतली बाटली उघडायला लावली, तीही चूक केली. ऐकू आलं का सगळ्यांना?"

सगळ्यांना ऐकू आलं. कोणी हसलं नाही. त्यांना वाटलं होतं, लोक हसतील, आणि हसले असते तर बरं झालं असतं. एक-दोघांनी माना खाली घातल्या. शीळवाला मागच्या माणसाला म्हणाला, "म्हणजे आपण इतके दिवस कोणाच्या भरवशावर होतो रे?" आणि मग सगळे आत गेले. शेवटी पंपवाली रस्ता ओलांडून आली. त्यांच्या बाजूने जाताना तिने पिशवीचं तोंड उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मान हलवली, नको. मग ती आत गेली.

त्याच दिवशी नवा माल आला होता. ओळीने पिंपं उभी होती, निळी, नवीकोरी. लेबल कधी न पाहिलेलं. नाकसाहेबांनी चष्मा पुसला आणि अक्षर अक्षर लावून वाचलं, "आ-त्से-तो-नास." हा देश दारावर नव्हता. एरवी त्यांनी तिथल्या तिथे लेबल सोडवलं असतं. आज त्यांनी हात लावला नाही.

पंपवालीने हातमोजे चढवले आणि पान्याने पहिल्या पिंपाचं बूच सैल केलं. सुस्स करून आतला दाब सुटला. नाकसाहेब सवयीने पुढे वाकले, अर्ध्यावर थांबले आणि मागे झाले. खिशातला खडू बोटांत घेऊन त्यांनी तिच्याकडे बघितलं. हा थेंब ती हुंगणार, ती सांगणार, आणि ती खरं सांगते की खोटं, हे कळायला त्यांच्यापाशी कसलंच साधन नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच नव्हतं.

"बघा," ते म्हणाले.

ती हलली नाही. "आणि मी वास नाही म्हटलं तर?"

"तर खूण करणार नाही."

"नसताना आहे म्हटलं तर?"

खडूची पूड नाकसाहेबांच्या बोटांना लागली होती, ती त्यांनी सदऱ्याला पुसली.

"तर करीन," ते म्हणाले.

मग हातमोजा काढून तिने मनगटावर थेंब घेतला, पिंपावर वाकली, डोळे मिटले आणि मान जराशी तिरकी केली. ती लकब कोणाची, ते गोदामातल्या कोणीही सांगितलं असतं. ती सरळ झाली.

"आहे," ती म्हणाली.

नाकसाहेबांनी पिंपाच्या डोक्यावर बरोबरची खूण केली. तिने बूच लावलं, हातमोजा चढवला आणि पुढच्या पिंपाकडे गेली. तेही खडू घेऊन तिच्या मागोमाग गेले.